रॅकमध्ये न बसलेल्या खुर्च्या

आमच्या मंडळाने गेल्या वर्षी एक रॅक करून घेतला. घडीच्या खुर्च्या ठेवायचा रॅक, आणि तोही काढता-घालता येणारा. उद्घाटनाला नारळ फुटला, फीत कापली गेली, पेढे वाटले. मी पोस्टात पस्तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे फिती कापणारी माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. पण आठ उभ्या दांड्या आणि काही आडव्या पट्ट्यांसमोर फोटो काढून घेताना एवढी छाती फुगवलेली माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली.

मंडळ म्हणजे हैदराबादेतल्या मराठी माणसांचं एक मंडळ. आबिड्सच्या मागच्या गल्लीत, खाली झेरॉक्सची दुकानं आणि वर आमचा हॉल. मंडळात दोन जाती आहेत. एक आम्ही, जुने. आमचे आजे-पणजे निजामाच्या राज्यात, मराठवाड्यात शेती करत. पुढे कुणी नोकरीला, कुणी आडतीच्या धंद्याला इथे आलं आणि राहिलं. दुसरे नवे, पुण्या-मुंबईहून संगणकाच्या नोकऱ्यांसाठी आलेले. ते शहराच्या त्या टोकाला विसाव्या मजल्यावर राहतात आणि आमच्याकडे यायला निघाले की 'ओल्ड सिटीला चाललोय' असं सांगतात. आबिड्स म्हणजे ओल्ड सिटी नव्हे, हे सांगून सांगून मी दमलो. पालथ्या घड्यावर पाणी. आता कार्यकारिणीत तेच आहेत, कारण आमच्यातल्या निम्म्यांचे गुडघे गेले आणि उरलेले निम्मे गेलेच.

जे गेले ते खुर्च्यांवर होते. म्हणजे त्यांची नावं होती. ही आमच्या मंडळाची जुनी रीत. पूर्वी हॉलमध्ये सतरंजी असायची. एका म्हाताऱ्या सभासदाचे गुडघे मांडी घालू देत नसत, म्हणून तो शेवटची काही वर्षं दारात उभा राहून कार्यक्रम बघायचा. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी तेराव्याला मंडळाला लोखंडाची एक घडीची खुर्ची दिली, पाठीवर बापाचं नाव घालून. तेव्हापासून पायंडा पडला. घरात माणूस गेलं की मंडळाला एक खुर्ची. फोटो नाही, फरशी नाही, कोनशिला नाही. खुर्ची.

नावं अफझलगंजचा एक पाटी रंगवणारा घालायचा. त्याचा हात उर्दूला सरावलेला, मराठी वाचता येत नसे, कागदावर लिहून दिलेलं तो चित्र काढल्यासारखं काढायचा. आणि उजवीकडून सुरुवात करायचा. त्यामुळे आमच्या जवळपास सगळ्या खुर्च्यांवर आडनाव ऐसपैस पसरलेलं आणि डाव्या कोपऱ्यात बिचारं 'कै.' अंग चोरून बसलेलं. त्याला एकाने विचारलं तर म्हणाला, "जाने वाले का नाम बडा होना साब, गया सो बात छोटी होना." इतकी शहाणी गोष्ट मंडळाच्या व्यासपीठावरून मी आजवर ऐकलेली नाही.

खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असायच्या, नावं बाहेर. आत शिरलं की सगळी मंडळी ओळीने हजर. कार्यक्रमाला माणसं आपापली खुर्ची हुडकून घ्यायची आणि त्यावरून चेष्टा चालायची. "आज तुझ्या आजोबांवर तो ठेकेदार बसलाय बघ, पेलतील का?" एक सून दर वेळी सासूची खुर्ची घ्यायची. म्हणायची, "तीस वर्षं त्या बसल्या माझ्या डोक्यावर, आता माझी पाळी." आणि घरी जाताना त्याच खुर्चीची पाठ पदराने पुसून ठेवायची. मी पाहिलंय.

मलकपेठेत माझ्या शेजारच्या घरात एक काकू राहतात. वय ब्याऐंशी. मूलबाळ नाही. त्यांचे यजमान मराठी शाळेत मास्तर होते, ते जाऊन तीस वर्षं झाली. घरात त्यांचा म्हणून एकच फोटो, तोही शाळेचा, सगळ्या मास्तरांचा. त्यात ते मागच्या रांगेत मुख्याध्यापकांच्या पगडीआड निम्मे झाकलेले. तेव्हा काकूंपाशी नवऱ्याचं धड असं एकच काही होतं, ती मंडळातली खुर्ची. काकू नाव घेत नाहीत, 'आमचे' म्हणतात. दर कार्यक्रमाला मी त्यांना रिक्षाने घेऊन जायचो आणि हॉलमध्ये शिरल्या शिरल्या हुकूम व्हायचा, "जा रे, आमच्यांना घेऊन ये." मी ओळीतून मास्तरांना काढून आणायचो. जड खुर्ची. बिजागरीचा रिबिट कधीतरी तुटला होता, तिथे मिस्त्रीने बोल्ट घातला होता. तसे सगळ्याच जुन्या खुर्च्यांना बोल्ट होते, पण मास्तरांचा उजवा बोल्ट चांगला बोटभर लांब. काकूंची लुगडी त्यात अडकून फाटायची. बोल्ट कापून घेऊ का, असं मी दोनदा विचारलं. "नक्को," म्हणाल्या. "असू दे. लुगडी काय, मिळतात की."

तर आता रॅक.

आमचे नवे चिटणीस चाळिशीतले आहेत, पुण्याचे. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला जागा राहणार नाही. त्यांना मोकळी भिंत दिसली की चैन पडत नाही. कार्यकारिणीच्या सभेत त्यांनी पडदा लावला आणि त्यावर आमच्या हॉलचं चित्र दाखवलं, आमच्या खुर्च्यांना त्यात लाल रंग दिलेला. लाल म्हणजे वाया गेलेली जागा. "काका, आपल्याला स्पेस युटिलाइझ करायचीय," ते म्हणाले. सकाळी योगाचा वर्ग, संध्याकाळी झुंबाचा, रविवारी मुलांचा रोबोटचा. खुर्च्या रॅकमध्ये उभ्या सरकवायच्या, प्रत्येकीला एक खाच. आणि हॉल पूर्ण मोकळा हवा असेल तेव्हा खुंट्या काढायच्या, रॅकच काढून ठेवायचा.

मी या सभांना 'ज्येष्ठ सल्लागार' म्हणून असतो. या पदाचा अर्थ असा की मला पहिल्या रांगेत पाहुण्यांची गादीची खुर्ची मिळते आणि सल्ला कुणी विचारत नाही. मी त्या दिवशी डोळे मिटून बसलो होतो. ऐकत नव्हतो. या लोकांचं काय ऐकायचं, ज्यांची मुलं 'बटाट्याचा भाजी' म्हणतात? बाहेर उपमा तयार होता, वास आत येत होता. मधेच कुणीतरी माझ्याकडे बघून काहीतरी म्हणालं, मी मान हलवली, टाळ्या वाजल्या, आपण उठलो. उपम्यात मीठ कमी होतं. ते मात्र मी स्पष्ट सांगितलं.

दोन महिन्यांनी रॅक आला. त्याच्यासाठी संगणकावर नकाशा काढला होता, लोखंडाचा रंग निवडायला फोनवर मतदान झालं होतं. आता त्या शहाण्यांची करामत ऐका. हॉल पूर्ण मोकळा कधी लागतो? मोठा कार्यक्रम असतो तेव्हा. मोठ्या कार्यक्रमाला खुर्च्या बाहेर असतात. म्हणजे रॅक काढायचा तो रिकामा झाल्यावर. आणि रिकामा रॅक काढून ठेवायचा कुठे? याचा विचार संगणकाने केला नव्हता. पहिल्या कार्यक्रमाला चार धट्टीकट्टी माणसं अर्धा तास खुंट्या उपटत होती. मग दांड्या आणि पट्ट्या नेऊन बोळात, शौचालयाच्या दाराला आडव्या लावल्या. प्रेक्षक सगळे साठीच्या पुढचे. मध्यंतरात त्या लोखंडावरून एकेक म्हातारा लुगडं सावरल्यासारखं धोतर सावरत उड्या मारत होता. शेवटी सगळं उचलून परत भिंतीला टेकवलं, नेमकं जिथे आधी खुर्च्या होत्या तिथे. आजा मेला, नातू झाला, घरातली माणसं तेवढीच.

मी मनापासून खूश होतो. कुणाची फजिती झाली की मला बरं वाटतं, हा माझा स्वभाव आहे आणि या वयात तो बदलायचा माझा विचार नाही. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "जा रे, आमच्यांना घेऊन ये."

मी गेलो. मांडलेल्या रांगांतून फिरलो. सगळ्या खुर्च्या अलीकडे मंडळाने विकत घेतलेल्या, बिननावाच्या, रिबिटाच्या. मी दोन फेऱ्या मारल्या. लोक म्हणायला लागले, काका, बसा की, पडदा उघडतोय.

"काय शोधायलास एवढा वेळ?" काकूंनी विचारलं.

"दिसत नाहीयेत."

"नीट बघ. डाव्या अंगाला राहायचे ते."

मी चिटणिसांना गाठलं. ते ध्वनिक्षेपकाशी झटत होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, की जुन्या खुर्च्या रॅकमध्ये बसल्या नाहीत. खाचा एका खुर्चीच्या मापाने काढल्या होत्या आणि माप घेताना हाताशी आली ती नवी खुर्ची. जुन्या खुर्च्यांचे बोल्ट बाहेर येतात ना, ते खाचेत अडकत होते. बोटभराचाच प्रश्न होता.

"मग?"

"मग त्या काढून टाकल्या, काका. तेवीस होत्या. अफझलगंजच्या एका मंडपवाल्याला दिल्या, तो स्वतः उचलून न्यायला तयार होता. आणि खरं सांगू का, नावं-बिवं जरा डिप्रेसिंग वाटायची. माझा मुलगा विचारायचा, हे सगळे कोण."

माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोललो. मराठीत बोललो, उर्दूत बोललो, पोस्टात असताना तेलुगूत ऐकलेलं थोडं होतं तेही वापरलं. बोटभर लोखंडासाठी तुम्ही तेवीस माणसं घालवलीत, म्हणालो. खुर्च्यांसाठी रॅक की रॅकसाठी खुर्च्या, म्हणालो. कुणाला विचारून?

त्यांनी खिशातून फोन काढला, बोटाने वर सरकवलं आणि माझ्यापुढे धरला. सभेचं इतिवृत्त होतं. ठराव तिसरा, रॅकमध्ये न मावणाऱ्या खुर्च्या मंडळाबाहेर देऊन टाकाव्यात. सूचक, चिटणीस. अनुमोदक म्हणून माझं नाव. एकमताने मंजूर.

मराठी मंडळात वाढलेल्या माणसाला अनुमोदनाची सवयच असते. सूचकाने सूचना मांडायची, 'अनुमोदन?' असा आवाज यायचा आणि सगळ्यात म्हाताऱ्याने मान हलवायची. वर्षानुवर्षं मी अशीच मान हलवत आलोय, शोकप्रस्तावाला आणि कोजागिरीच्या दुधालाही. तीच मान त्या दिवशी हलली होती. मी फोन परत केला.

काकूंना एवढंच सांगितलं की खुर्च्या चुकून बाहेर गेल्यात, उद्या बघू. त्यांना मी दुसरी खुर्ची दिली, चिटणिसांनी धावत येऊन गादीची आणली. त्या बसल्या नाहीत. दोन तास भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, त्या रॅकच्या पट्ट्यांशेजारी. मी पहिल्या रांगेत बसून विनोदी नाटक बघितलं. एकदाही हसलो नाही आणि मागे वळूनही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे अफझलगंजला गेलो. मंडपवाल्याचं गोदाम मुसी नदीच्या बाजूच्या एका गल्लीत, बांबू, गाद्या आणि बिर्याणीच्या मोठाल्या देगांच्या मागे. मालक पन्नाशीचा, तोंडात पान. मी मंडळाचं नाव सांगताच त्याने भिंतीकडे बोट केलं. खुर्च्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या होत्या, एकीवर एक टेकवलेल्या. आणि सगळ्या आकाशी.

"परसों रंग मारे चाचा," तो म्हणाला. "शादी में रंगबिरंगी कुर्सी अच्छी नहीं लगती, सब एकच होना."

पाठीवरून मी हात फिरवला. नाव हाताला लागतं का बघत होतो. जाड रंग होता, दोन हात दिलेला. आडनावं गेली होती आणि कोपऱ्यातलं 'कै.'सुद्धा गेलं होतं. मला वाटलं काकू आता रडतील, आणि त्या रडल्या तर मी काय करावं हे मला कळेना.

काकूंनी पिशवी माझ्या हातात दिली. "मांड," म्हणाल्या.

"काय?"

"सगळ्या मांड. एकेक."

मी आणि मंडपवाल्याने देगा बाजूला सारून खुर्च्या मांडल्या. काकू पहिल्या खुर्चीवर बसल्या, क्षणभर थांबल्या, उठल्या. दुसरीवर बसल्या, उठल्या. तिसरी, चौथी. ब्याऐंशी वर्षांची बाई, प्रत्येक वेळी गुडघ्यावर हात रोवून उठायची. मंडपवाल्याला प्रकार कळेना. "अम्मा क्या कर रैं?" त्याने मला हळूच विचारलं. मलाही कळत नव्हतं. पंधरावी असेल की सोळावी, काकू बसल्या आणि उठायला गेल्या तर उठता येईना. लुगडं उजव्या बोल्टात अडकलं होतं.

त्या परत खाली बसल्या. लुगडं सोडवलं नाही.

"हेच," म्हणाल्या. "जित्तेपणी चारचौघांत कधी पदराला हात लावला नाही माणसाने. आता सोडायला तयार नाहीत."

या खुर्च्या म्हणजे आमची गेलेली माणसं, हे मी मंडपवाल्याला सांगितलं. त्याने पान थुंकलं आणि टोपी काढून परत घातली. मग मला म्हणाला, "लेके जाओ चाचा. हमना मालूम नै था." काकूंसाठी त्याने पाणी मागवलं, चहा मागवला. शहरात अजून माणसं आहेत. ती मंडळाच्या कार्यकारिणीत नाहीत एवढंच.

चहा पिताना त्याने सहज विचारलं, "आप के घर की भी है क्या इसमें?"

होती. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मी स्वतः दिलेली. नाव घालताना त्या पाटीवाल्याजवळ उभा राहून मी 'कै.' जरा मोठं काढायला लावलं होतं, तेवीसांत तेवढं एकच मोठं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. इतरांच्या घरच्यांना मी नेहमी सांगायचो, बघा, वडिलांचं नाव कसं पाहिजे.

"निशानी बोलो, निकाल देता," मंडपवाला म्हणाला.

मी उठलो आणि खुर्च्यांमधून फिरलो. एकीची सीट थोडी दबलेली होती. एकीचा पाय वाकडा होता. एक उघडताना कुरकुरत होती. ही असेल का? की ती? आबांची खुर्ची कुरकुरायची का? मी दोन-तीन खुर्च्यांवर बसूनही बघितलं. बसलो की सगळ्या सारख्याच लागत होत्या.

"मिळाली का रे?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"कशी मिळणार? तू बसला होतास कधी?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर मी परत केला असता, तेवढं मला येतं. त्यांनी नुसतं विचारलं होतं. मी त्या मंडळात किती वर्षं जातोय, आणि दर वेळी पहिल्या रांगेत, गादीवर. आबा मागे भिंतीला टेकलेले असायचे, नाव बाहेर करून. जाता-येता मी नाव वाचायचो. बसलो कधीच नाही. जगातल्या सगळ्यांना मी नावं ठेवली, आणि बापाचं नाव पुसायला मान हलवणारा मीच होतो.

काकूंना मी तिथेच सांगितलं. अनुमोदन मी दिलं होतं, ऐकत नव्हतो, उपम्याकडे लक्ष होतं. त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चल. रिक्षा बघ. आमच्यांना तू धर, मला नाही उचलायचे."

मास्तर आता काकूंच्या घरी असतात. कार्यक्रमाला त्या खुर्ची रिक्षातून आणतात आणि परत नेतात. रॅकमध्ये ती बसणार नाहीच. रॅकही मंडळात आहे, उभा. काढता येतो पण काढत कुणी नाही, कारण खुंट्या उपटायचा पाना हरवलाय. चिटणिसांनी सगळ्या जुन्या घरांना निरोप पाठवला, ज्यांना आपली खुर्ची हवी त्यांनी मंडपवाल्याकडून न्यावी. कुणी गेलं नाही. त्या अजून लग्नांना जातात, आकाशी होऊन.

एक मात्र कमी झालीय. त्या दिवशी रिक्षात मास्तरांना ठेवून झाल्यावर मंडपवाला मागून आणखी एक खुर्ची घेऊन आला. "कौनसी भी ले लो चाचा," म्हणाला, "खाली हाथ नक्को जाओ." त्याने हाताला लागली ती उचलली होती. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि घेतली.

ती माझ्या गच्चीत असते. आबांची असेल अशी आशा बावीसांत एक. पण कुणाच्या तरी बापाची आहेच. रोज संध्याकाळी तासभर मी तिच्यावर बसतो.